वरच्या तळ्याचे कंडक्टर

रिकाम्या डोंगरावर, रिकाम्या तळ्याच्या काठी, जिथे कोसभर दुसरं माणूस दिसत नाही, तिथे धावत जाऊन रुमाल टाकून जागा धरणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझ्या नशिबात साडू म्हणून आलेला आहे. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल भिरकावतात तसा तो रुमाल भिरकावायचा, उडू नये म्हणून त्याच्यावर एक गोटा ठेवायचा, दोन पावलं मागे सरून जागा बराबर धरली गेली की नाही ते पाहायचा, आणि मग धापा टाकत आमच्याकडे वळून म्हणायचा, "या आता सावकाश. घाई करू नका, जागा भरपूर हाय." जागा भरपूर असणारच. मागे डोंगर, पुढे पाणी, वर आभाळ आणि माणसं आम्ही दहा-बारा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. तीस वर्षांहून जास्त त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली आणि दहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, असं कागदोपत्री तरी आहे. निरोपसमारंभात त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि भाषणंही झाली, पण आपण आता कंडक्टर नाही हे त्यांना समजेल अशा शब्दांत कोणी सांगितलं नसावं. हिंगोलीत विहाराच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथे पाहुणे आले की ते दारात उभे राहून सगळे आत जाईपर्यंत स्वतः आत शिरत नाहीत आणि "पुढं सरका, आत लई जागा हाय" असं म्हणत म्हणत माणसांना थेट मोरीपर्यंत नेऊन पोचवतात.

त्यांचं वरचं तळं हे काही नावाजलेलं ठिकाण नव्हे. कनेरगाव नाक्यावरून आत वळलं की पाऊण तासाने एक गाव लागतं. गावामागे डोंगर आणि डोंगराच्या खांद्यावर पाणी अडवून केलेलं तळं. भोवती साग, पळस, एका काठाला दोन जांभळी, पलीकडच्या अंगाला सकाळी पाण्यावर येणारे रोही, म्हणजे नीलगायी. बस, एवढंच. दाजी कित्येक वर्षं या गावाच्या मुक्कामी गाडीवर होते. मुक्कामी गाडी म्हणजे दिवसाची शेवटची येणारी, गावातच थांबणारी आणि सकाळी पहिली निघणारी. ड्रायव्हर गाडीतच घोरत असायचा आणि दाजी उजाडता उजाडता डोंगर चढून तळ्यावर अंघोळीला जायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच जानेवारीत त्यांनी साऱ्या नातेवाइकांना फोन लावले. "जयभीम. शनवारी सकाळी साडेसात. कपडे, पांघरूण, आपापलं ताट. तळ्यावर मुक्काम हाय." विचारणं नव्हतंच त्यात. मी वसमतला कॉलेजात हेडक्लार्क, मूळचा गादी, पंखा आणि दुपारची झोप या तीन गोष्टींवर जगणारा माणूस. तरी गेलो. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात शिकलो होतो.

त्या डोंगराची चढण तासाभराची, पण दाजींनी तिचे सहा स्टॉप पाडले आहेत. पहिला स्टॉप पडका बांध, दुसरा मोठा पळस, तिसऱ्यावर चहापाण्याची दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत कोणी जास्त लांब गेलं तर शिट्टी. गळ्यात त्यांची ती जुनी शिट्टी असते, गाडी मागे घेताना वाजवायची. एक वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि दोन वाजल्या की चालायचं, डबल बेल. एकदा मी पाय उचललेला असतानाच एक वाजली आणि मी खरोखर एका पायावर थांबलो. माझ्या मागून येणारी बायको म्हणाली की इतकं तुम्ही माझं कधी ऐकलं नाही. स्वतः दाजी मात्र चढणभर सगळ्यांच्या मागे. पुढे चला म्हटलं तर म्हणायचे, "पुढं ड्रायव्हर असतो. मागं कोण राहिलं ते बघायला एक माणूस लागतो." फक्त शेवटच्या वळणावर हा नियम मोडायचा. तिथून पाणी दिसतं आणि पाणी दिसलं की साठीचा हा माणूस खिशातून रुमाल काढून पळत सुटायचा.

पहिल्या वर्षी तंबूही त्यांनीच आणला होता. त्यांचा एक दोस्त वसमतच्या बाजारात हळदीचा व्यापारी. शिजवलेली हळद वाळवायला त्याच्याकडे मोठमोठ्या ताडपत्र्या असतात. त्यातल्या दोन दाजींनी शिवून घेतल्या, बांबू ठोकले आणि वरून एक दोरी ओढून तिला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली. आम्ही आत झोपलो. पहाटे दव पडलं, ताडपत्री आतून बाहेरून भिजली आणि बरीच वर्षं तिच्यात मुरलेली हळद थेंबाथेंबाने आमच्यावर उतरली. उजाडलं तेव्हा माझी बायको माझ्याकडे बघून किंचाळली आणि मी तिच्याकडे बघून. साऱ्या बिऱ्हाडाचे कान, माना, अंथरुणं, बनियनी पिवळ्या. तळ्याच्या गार पाण्यात घासून घासून कातडी सोलली, रंग हलला नाही. परत येताना नाक्यावरच्या ढाब्यावर चहाला थांबलो, तर ढाबेवाला आमच्या टोळीकडे कौतुकाने बघत म्हणाला, "लगन कुठलं म्हणायचं? आन नवरदेव कोणता हो यातला?" दाजींनी बशीतला चहा संपवला आणि मान वर न करता सांगितलं, "सगळेच हायेत. नवरी पाहून राहिलो."

पुढे माझ्या पुतण्याने घरबसल्या मागवलेला एक तयार तंबू आणला, झटकला की आपोआप उभा राहणारा. दाजींनी त्याच्या भोवती दोन चकरा मारल्या, वाकून आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि निकाल दिला, "ह्यात उभं राहून प्रवास करायची सोय न्हाई. असली गाडी आपल्याकडं चालत नसती." हळदीची ताडपत्री धुऊन धुऊन फिकी झाली, पण बदलली नाही.

त्यांच्या मोजणीची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र दाजी पुरे होणार नाहीत. चढायच्या आधी, प्रत्येक स्टॉपवर, जेवताना आणि निजताना ते माणसं मोजायचे. बोट न दाखवता, ओठ न हलवता, नुसती नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली की आकडा तयार. पहिल्या वर्षी वर जाताना त्यांनी दहा मोजले. उतरायच्या वेळी ते बांबू बांधण्यात गुंतले होते म्हणून मला म्हणाले, "साहेब, जरा शीटं मोजा." मी मोजली आणि अकरा भरली. दाजींच्या हातातला बांबू खाली पडला. शिट्टी वाजली, एकच. "एक जादा? मधी कोण चढलं?" त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि नावं पुकारली. सगळे घरचेच निघाले. पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा अकरा. ते तळ्याभोवती कुठे कोणी लपलंय का तेसुद्धा बघून आले. शेवटी माझी बायको म्हणाली, "दाजी, तुमी स्वोताला धरलंच न्हाई की." आम्ही पोट धरधरून हसलो. ते हसले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं शांतपणे म्हणाले, "कंडक्टरला मोजत नसतात. मोजायची ती शीटं." आणि पुढच्या साऱ्या वर्षांत त्यांनी तेच केलं. आम्ही बारा असलो तर अकरा आणि पंधरा असलो तर चौदा.

आता त्या रुमालाचं. दरसाल ते जांभळीखालची, समोर सगळं पाणी दिसेल अशी सर्वांत चांगली जागा धरायचे आणि तिथे कोणालाच बसू द्यायचे नाहीत. तिसऱ्या का चौथ्या वर्षी माझी कंबर फार दुखत होती, म्हणून मी रुमाल बाजूला करून टेकलो. दाजी लगेच हजर. "उठा साहेब. ही जागा धरलेली हाय."

"कोणासाठी? इथं आहे कोण?"

"हाय एक पाशिंजर. पुढच्या स्टॉपला चढंल."

तो पाशिंजर कोण ते मला त्या दिवशी माझ्या बायकोने सांगितलं. तिची थोरली बहीण, दाजींची बायको, आमची ताई. या सगळ्या वर्षांत ती एकदाही तळ्यावर आली नव्हती. आदल्या दिवशी चाळीस भाकरी करून, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून गाठोडं आमच्या हातात द्यायची आणि दारातून म्हणायची, "जा तुमी. मला काम हाय." दाजी दरवेळी विचारायचे, दरवेळी तेच उत्तर मिळायचं, आणि दरवेळी हा माणूस डोंगरावर जाऊन तिच्यासाठी रुमाल टाकायचा. एकदा आम्ही दोघे हरभऱ्याचे ढाळे भाजत बसलो होतो, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "नसेल आवडत त्यांना. एवढं काय धरून बसता?" ते विस्तवातला ढाळा परतत म्हणाले, "साहेब, मुक्कामी गाडीवर होतो तवा ती घरी एकली. लेकरं तापली तं एकली, पाणी न्हाई तं एकली. आन मी इथं सकाळच्या पारी ह्या पाण्यात मजेत पडून. लई सुख भोगलं मी इथं. तिला एकडाव दावायचं हाय. एवढंच." दाजींना विनोदाच्या बाहेर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला माझी सगळी थट्टा नको नको झाली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी त्यांच्या घरी जमलो होतो. ताई भाकरी थापत होती. दाजी दारात उभे राहून म्हणाले, "यंदा तरी चल. सगळे म्हणून राहिले." ताईने तव्यावरची भाकरी उलटली आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच बोलली.

"लहानपणी दर साली सहा महिने मी पालात काढले. माय-बाप ऊस तोडायला जायचे आन मी पालाच्या तोंडाशी तीन दगडं मांडून भाकरी करायची. वय काय, तं आठ. थंडी पालातून कशी आत येती ते मला म्हाईत हाय. तुमी हौसेनं जाऊन राहिले, जा. मला त्या ताडपत्रीचा वास बी नको."

माझी बायको खाली बघत राहिली. ती तेव्हा झोळीत होती, तिला त्यातलं काही आठवत नाही. दाजी म्हणाले, "इतक्या वर्सांत काहून सांगितलं न्हाई?"

"इचारायला तुमी घरी कवा होते?" ताई म्हणाली आणि पुढचा गोळा मळायला घेतला.

त्या वर्षी आम्ही गेलो, पण दाजींनी शेवटच्या वळणावर धाव घेतली नाही. सगळ्यांच्या मागून वर आले, पिवळी ताडपत्री उघडली, पुन्हा गुंडाळून ठेवली आणि आम्हाला पुतण्याच्या तंबूत झोपायला लावलं. रुमाल खिशातून निघालाच नाही. जांभळीखालची जागा मोकळी असूनही तिथे कोणी बसलं नाही.

वर्षभर त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं कोण जाणे. पुढच्या जानेवारीत आदल्या दिवशी गेलो तर घरात भाकरीचा वासच नव्हता. दाजी ओट्यापाशी पिठात कोपरापर्यंत माखलेले आणि ताई खुर्चीत बसून, पदराआड हसू दाबत. तव्यावर जे होतं त्याला भाकर म्हणायला मोठं मन लागलं असतं. दाजी तिला समजावत होते, "हे बघ. तू पाशिंजर. पाशिंजरला काम नसतं. चुलीला हात लावायचा न्हाई, पाणी आणायचं न्हाई, भुईवर निजायचं न्हाई. मी वर दगडाची चूल मांडणारच न्हाई, गॅसची शेगडी नेऊन राहिलो. न्हाई पटलं तं दुपारीच वापस आणतो."

"आन निजायचं कशावर?" ताईने विचारलं.

"बाज नेतो."

सुंभाने विणलेली, सागाच्या पायांची त्यांची घरची बाज. ती आम्ही डोंगरावर नेली. आम्ही म्हणजे पुढचं टोक दाजींच्या डोक्यावर आणि मागचं माझ्या. त्या दिवशी मी किती वेळा मेलो याचा हिशेब नाही. वळणावर बाज अडकली की दाजी मान न फिरवता ओरडायचे, "येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगानं येऊ द्या, बास!" आणि तोंडातली शिट्टी फुंकायचे. ताई मधे चालत होती, हातात काही नाही. दोन वेळा तिने माझ्या खांद्यावरची पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि दोन्ही वेळा आता शिट्टी वाजणार म्हणून पोरांनी दाजींकडे पाहिलं.

बाज जांभळीखाली मांडली. दाजींनी तिच्यावर गादी घातली, उशी ठेवली, मग खिशातून रुमाल काढून गादीवर टाकला आणि लगेच उचलूनही घेतला, कारण पाशिंजर आलेला होता. ताई बाजेवर बसली. त्यांनी शेगडीवर पिठलं केलं, ते लागलं, सगळ्या डोंगराला करपल्याचा वास सुटला. ताईची बोटं गादीवर चुळबुळत होती, मी पाहत होतो, पण ती उठली नाही. लागलेलं पिठलं तिने दोनदा मागून घेतलं. ऊन उतरायला लागलं, पाणी तांबूस झालं, टिटव्या ओरडत पलीकडे गेल्या. दाजी ताट घेऊन तिच्या पायाशी भुईवर बसले होते. ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "इतकी वर्सं एकट्यानंच बघितलं व्हय हे?"

मला वाटलं, माणूस आता रडतो. दाजींनी नुसतं बाजेवर हात टेकवला आणि ताई थोडी सरकली. आम्ही सगळे उठून उगाच सरपण बघायला गेलो, गॅसची शेगडी असताना.

ही आता एका वर्षापूर्वीची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात दाजींच्या छातीत कळ आली. नांदेडला नेलं, स्टेंट बसवला, माणूस वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं की चढ चढायचा नाही, कधीच नाही. दाजींनी विचारलं, मधे सहा स्टॉप घेतले तर? डॉक्टर नाही म्हणाले. घरी आल्यावर आठ दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. या जानेवारीत तळ्याचं नाव कोणी काढायचं नाही असं आम्ही आपसात ठरवलं होतं. आणि एक दिवस फोन वाजला. ताईचा. "जयभीम. शनवारी साडेसात. कपडे, पांघरूण, ताट. भाकरी मी करून राहिले."

दाजी आमच्याबरोबर गावापर्यंत आले. जीप शाळेजवळ उभी केली आणि ते तिथल्या पारावर बसले. चढायच्या आधी त्यांनी एकदा नजर फिरवली, "तेरा," म्हणाले, आणि दोन शिट्ट्या दिल्या. आम्ही निघालो. सगळ्यांच्या मागे ताई. पडक्या बांधापाशी थांबलो, मोठ्या पळसापाशी थांबलो, चहापाण्याची दहा मिनिटंही घेतली. मागे वळून पाहिलं की प्रत्येक वेळी पारावरचा पांढरा सदरा आधीपेक्षा लहान दिसायचा. मला फार सुनंसुनं वाटत होतं. इतक्या वर्षांत या डोंगराला मी नावंच ठेवली होती, आणि त्या दिवशी शिट्टी वाजत नव्हती म्हणून मला चालवत नव्हतं.

वर पोचलो. बाज गेल्या वर्षी गावातल्या एका घरी ठेवली होती, ती पोरांनी आधीच आणून जांभळीखाली टाकली होती. ताई तिच्या एका कडेला बसली. दुसऱ्या कडेला तिने कमरेचा रुमाल काढून ठेवला. तो दाजींचा होता. मग तिने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, ओठ न हलवता, आणि दाजींना फोन लावला.

"पोचलो. चौदा हायेत."

मी घाईने म्हणालो, "ताई, तेरा. मी मोजलेत." तिने हातानेच मला गप्प केलं. फोनमधून दाजींचा आवाज मलाही ऐकू येत होता, तसाच करडा, ड्युटीवरचा.

"तेरा पायजेत. एक जादा हाय. मधी कोण चढलं?"

"कंडक्टर," ताई म्हणाली.

ती फोन कानाला धरून पाण्याकडे बघत बसली. मग खालून दोन शिट्ट्या वाजल्या. इतक्या वरून ऐकू येणं शक्य नाही, फोनमधूनच आल्या असतील, असं माझी बायको म्हणते. असेलही. पण आम्ही सगळे जागचे हललो, ते त्या ऐकूनच.